मेढीची चौथी चाल

अंबूबाईचं जुनं घर स्लॅबसाठी पाडलं, तेव्हा कौलं, तुळया, दारं तिनं लेकांच्या हवाली केली आणि छपराला आधार देणारी एक मेढ तेवढी मागून घेतली. सागवानी, गोल, पाच इंच जाडीची. तिच्या सोप्यात साक्षरतेचा वर्ग भरायचा, तेव्हा त्या मेढीला पाठ टेकून अंबूबाईनं अठ्ठावन्नाव्या वर्षी पाटी हातात घेतली होती.

त्याला पंधरा वर्षं झाली. कळंब्याच्या विहारात ग्रंथ ठेवायला नवी बैठक करायची ठरली, तशी ती म्हणाली, "खांब माझ्या मेढीचा करा." वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांचं, वाचन आषाढी पौर्णिमेला सुरू होतं. यंदा पहिलं पान अंबूबाईनं वाचायचं, हेही वस्तीनं ठरवून टाकलं.

तिथं वस्तीतल्या कृष्णातची जीभ घसरली. "मावशी, मी त्याच्यावर गोल कमळ काढून देतो. सोळा पाकळ्या."

एसटीच्या वर्कशॉपातनं रिटायर होऊन त्याला दोन वर्षं झाली होती, पण हाताला काही पेन्शन मानवत नव्हती. सारखी चुळबूळ. मागच्या पत्र्याच्या शेडात त्यानं जुना कॉम्प्युटर, भंगारातल्या सळया आणि मुंबईहून मागवलेल्या तीन मोटरी जोडून लाकूड कोरायचं सीएनसी मशीन उभं केलं होतं. कटर डावी-उजवीकडं, पुढं-मागं आणि खाली-वर चालायचा. सपाट फळीवर नावाच्या पाट्या झकास निघत. गोल मेढीचं गणित मात्र निराळं. तिथं मेढच कॉम्प्युटरच्या हुकमानं फिरायला पाहिजे. म्हणजे मशीनला चौथी चाल पाहिजे, रोटरी पाहिजे.

ती कुठली घ्यायची, हे विचारायला तो उद्यमनगरात केरबाकडं गेला. केरबाचं लेथचं दुकान. हात कामावर आणि तोंड गिऱ्हाइकावर, अशी त्याची तऱ्हा.

"तयार मिळतीया की तैवानची," केरबा म्हणाला. "यायला दोन महिने."

"पौर्णिमा वीस दिवसांवर हाय."

"मग पट्ट्यावरची कर. मोटर, दोन पुल्या, दातेरी पट्टा. अजिबात लूज ऱ्हात न्हाय."

"पट्टा मेढ धरंल व्हय? कटर लागला की वाकून नमस्कार करंल."

"मोठी पुली टाक. हळू काप. घाई कुणाला झालीया?"

घाई कृष्णातलाच झाली होती. त्याची नजर कोपऱ्यातल्या डिव्हायडिंग हेडवर गेली होती. केरबानं ते भंगारातनं आणून तसंच टाकलं होतं. ओतीव लोखंडाचं धूड, पुढं तीन जबड्यांचा चक, पोटात वर्म नावाचा आट्यांचा दांडा आणि त्यात अडकणारं दातेरी चाक. दांडा चाळीस वेळा फिरवला की चक एक फेरा घेतो. असल्या हेडवर त्यानं उभी हयात गियर कापले होते. दांड्याला हात लावताच त्याला आपलं माणूस भेटल्यागत वाटलं.

"हे देतोस?"

"नेतोस तर ने, पण आतलं चाक खाल्लंय, मर्दा. उलटं फिरवलंस की आधी थोडं रिकामंच फिरतंय."

"वर्म घट्ट कसला की बसंल."

"तुझ्या एसटीत सगळ्याला एकच औषध. कसा म्हंजी बसंल!"

दांड्याच्या जागी मोटर बसवायला चार दिवस गेले. पाया मशीनच्या पाटाला बोल्ट केला, मेढीचं दुसरं टोक धरायला टेलस्टॉक लावला, मग केसाएवढा फरक दाखवणारी डायल लावून दोन्ही टोकं एका रेषेत आणली. एवढं होईपर्यंत त्याच्या बायकोनं, झुंबरबाईनं, दहादा जेवायला हाक मारली. तो ताटावर यायचा आणि दोन घास खाऊन उठायचा.

"अवो, भाकरीला काटे हाईत काय?" ती म्हणाली.

"डायल बघून येतो."

"डायल कुठं पळून चाललीया? मोटर लावलीया तिकडं, फिरताय तुमी हिकडं."

मेढ एकच होती. म्हणून त्यानं आधी निलगिरीचा ओंडका लावला. पाकळ्या उमटल्या, पण प्रत्येकीची एक कड स्वच्छ आणि दुसरी उंदरानं कुरतडल्यासारखी. केरबाचं खरं निघालं होतं. कटर पाकळीच्या एका बाजूनं जाऊन दुसऱ्या बाजूनं परत यायचा, तेव्हा ओंडक्यालाही उलटं फिरावं लागायचं. त्या क्षणी वर्म चाकाला लागेपर्यंत ओंडका मोकळा सुटायचा आणि कटर त्याला हवा तसा ढकलायचा.

कृष्णातनं वर्म कसला. दुसऱ्या ओंडक्याच्या नऊ पाकळ्या देखण्या आल्या, दहावीला मोटर किंचाळली आणि अडली. चाक सगळीकडं सारखं झिजलेलं नव्हतं. सैल जागी कसलेला वर्म झीज नसलेल्या जागी जाम व्हायचा. ढिला केला की कडा कुरतडायच्या, कसला की मोटर मरायची. लूज भरून काढायला तेवढा आकडा कॉम्प्युटरात वाढवून बघितला, तर कटरला आकड्याची काय भीडभाड! तो ढकलायचा ते ढकलायचाच.

अंबूबाई रोज काठी टेकत यायची. शेडात मेढ भिंतीला उभी होती. तिच्यावरनं हात फिरवायची आणि विचारायची, "झालं का रं?"

"चाललंय, मावशी."

"रोज चालतंयच. पोचणार कवा?"

पौर्णिमेला पाच दिवस उरले. विहारातली मंडळी म्हणाली, साधाच खांब बसवू, कमळ नको. तसं केलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण अंबूबाईनं सगळ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं, माझ्या मेढीवर कमळ येणार हाय म्हणून. कृष्णातची झोप उडाली. विहारात वंदनेला बसला तरी मांडीवरची बोटं दांडा फिरवल्यासारखी चालायची.

त्या दिवशी सकाळी सातवा ओंडका बिघडायला लागला, तसा त्याचा संयम सुटला. "थांब की लेका!" म्हणत त्यानं मशीन चालू असताना चकच मुठीत धरला आणि एका अंगाला रेटून ठेवला. पाकळी पुरी झाली. त्यानं हात काढला, भुसा फुंकला आणि बघतच राहिला. दोन्ही कडा स्वच्छ. त्याच्या हातानं चाक कायम वर्मच्या एकाच बाजूला दाबून धरलं होतं, त्यामुळं लूजला जागाच उरली नव्हती.

पण सोळा पाकळ्यांना सहा तास लागणार. एवढा वेळ न थकता ओढणारा हात कुणाचा? त्यानं चकावर सुती दोरीचे वेढे घातले आणि टोकाला वाळूनं भरलेली गोणपाटाची पिशवी लोंबती सोडली. आठव्या ओंडक्यावर चार पाकळ्या काढल्या. चारी नेटक्या. मग त्यानं मेढ चढवली.

अंबूबाई येऊन स्टुलावर बसली. पिशवी बघून म्हणाली, "फाशी कुणाला दिलीस?"

"ती वढून धरतीया, मावशी. आता बोलू नका."

"मी कुठं बोलतीया? तूच येरझाऱ्या घालतोयस."

तासामागून तास गेले. सागाचा वास शेडात भरला. पाकळीमागून पाकळी उमटत गेली, मेढ वळत गेली आणि पिशवी इंचाइंचानं खाली उतरत गेली. तेरावी पाकळी संपली तेव्हा कृष्णातचं लक्ष खाली गेलं. पिशवी आणि फरशीत चार बोटंही अंतर नव्हतं. एका फेऱ्याला किती दोरी उलगडेल, ते त्यानं मोजलं होतं. वजनानं सुती दोरी ताणते, हे मोजायचं राहिलं होतं. पिशवी टेकली की ओढ संपली. मशीन थांबवून दोरी आखडावी, तर ओढ सुटताच मेढ त्या लूजमध्ये हलणार आणि पहिली खूण चुकणार.

"झुंबर!" तो ओरडला. "पिशवी टेकली की मला सांग!"

त्यानं दोन्ही हातांनी चक धरला. "टेकली, टेकली!" झुंबरबाई म्हणाली, आणि सगळा भार त्याच्या दंडावर आला. साठीचे दंड ते. चौदावी, पंधरावी, सोळावी. एका पाकळीला बावीस मिनिटं. घाम नाकावरनं ओघळत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. झुंबरबाई पदरानं पुसत होती.

कटर उचलला. कृष्णातनं चक सोडला तेव्हा बोटं सरळ होईनात. सोळावी पाकळी पहिलीला जिथं भिडली होती, तिथं त्यानं नख फिरवलं. नख अडलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा अडलं.

"मावशी, खोटं बोलत न्हाय. हितं केसाएवढी शिवण ऱ्हायली. शेवटाला हात ढळला माझा."

अंबूबाई उठली. त्या जागी तिनं तळवा ठेवला, वर-खाली केला. "मला तर काय लागत न्हाय."

"दिसंल. खांब मधी बसणार. चारी अंगानं माणसं बसत्यात."

"मग ते अंग माझ्याकडं कर. मी बसल्यावर माझ्या गुडघ्यापुढं कोण बघणार हाय?" मग काठी उचलत म्हणाली, "आणि तुला म्हणून सांगते, माझ्या पाटीवरचं पहिलं 'अ' ह्याच्यापेक्षा वाकडं हुतं. जेव जा आता."

पौर्णिमेला विहार भरला. मेढीवर फळी, फळीवर पांढरं कापड, कापडावर ग्रंथ. शिवण अंबूबाईच्या अंगाला. तिनं चष्मा लावला, ओळीखाली बोट ठेवलं आणि एकेक शब्द सुटा करत वाचू लागली.

कृष्णातच्या कानात काही शिरत नव्हतं. तो समोरनं पाकळ्या बघत होता. मग उठून डाव्या बाजूला बसला. तिथनं बघितलं. मग वाकून उजवीकडं गेला. झुंबरबाईनं सदरा ओढला, तरी अंबूबाईच्या गुडघ्यामागं काही दिसतंय का, ते बघायला तो मान लांब करून पुन्हा उठला.

अंबूबाईचं बोट ओळीवर थांबलं. चष्म्यावरनं तिनं बघितलं.

"कृष्णाता, बस की बाबा एका जागी. माझी ओळ चुकतीया."

सगळा विहार हसला. तो बसला. अंबूबाईनं ओळ पहिल्यापासनं धरली.