तक्रार न करता गेली

शनिवार होता. तळ्याकाठच्या होलोपाइनेनांच्या घरी राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या पाऱ्या लाटल्या जात होत्या, भाताचं सारण निवत होतं आणि अंगणापलीकडे सौनाची, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली तापत होती. सायमी लाटत होती. तिची थोरली बहीण केर्त्तू पाऱ्यांना चुण्या घालत होती, आणि सायमीची लेक ओइली भट्टीशी उभी होती.

"शेजारची रीत्वा परवा पाठ धरून डॉक्टरकडे गेली म्हणे," केर्त्तू म्हणाली. "आपल्या घरात नाहीत हो असली थेरं."

"आपल्या घरात सरळ मरतात, मावशी."

"तोंड आवर!"

ओइली खोटं बोलत नव्हती. गावच्या कबरस्तानात या घरचे दोन दगड शेजारी शेजारी उभे होते, आजीचा आणि धाकट्या लेम्पीमावशीचा. दोन्हींवर एकच ओळ कोरलेली: 'तक्रार न करता गेली.' गाव ती ओळ वाचून माना डोलवी. दुखणं गिळणाऱ्या बाईचं कौतुक करायला कुणाच्या बापाचं काय जातं?

सायमीच्या हातून लाटणं सुटलं. दोन्ही हातांनी डोकं दाबून ती खाली बसली.

"डोक्यात काहीतरी फुटलं गं," ती म्हणाली आणि भडाभडा ओकली.

ओइली बारा वर्षांची असताना लेम्पीमावशी अगदी हेच बोलली होती. तेव्हा केर्त्तूने तिला ॲस्पिरिन देऊन आडवं केलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत लेम्पी संपली होती. डॉक्टरला बोलवा म्हणणाऱ्या ओइलीला सगळ्यांनी गप्प बसवलं होतं. ती गप्प बसली होती. हे तिला कधीच विसरता आलं नाही.

आजही केर्त्तू गोळी आणि पाणी घेऊन आली. "भट्टीच्या धगीने डोकं चढलंय. घटकाभर पडली की उतरेल."

ओइलीने गोळी हिसकावून भट्टीत फेकली आणि फोन उचलला. केर्त्तूने तिचं मनगट धरलं.

"डोकेदुखीसाठी ॲम्ब्युलन्स? गाव काय म्हणेल?"

"जिवंत बाईला काय म्हणायचं ते म्हणू दे! हात सोड, मावशी. आज मी ऐकणार नाही."

केर्त्तूने हात सोडला. त्या मुलीच्या तोंडून असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

सायमीला कुओपिओ शहरातल्या इस्पितळात नेलं. मेंदूतल्या धमनीला आलेला फुगा फुटला होता. डॉक्टर मान्नेरमा या चाळिशीच्या बाईने जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत सरकवली आणि प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरून तो फुगा आतून बुजवला. कवटीला हात लावावा लागला नाही.

"वेळेवर आणलंत," ती ओइलीला म्हणाली. "पुन्हा फुटला असता तर वाचणं कठीण होतं. घरात आधी कुणी असं गेलंय?"

"आजी आणि धाकटी मावशी. थोरली मावशी आहे."

"मग तुमची आणि थोरल्या मावशींची तपासणी करायला हवी. हे घराण्यात चालतं. न फुटलेला फुगा सापडला, तर त्यावरही उपाय करता येतो."

तीन आठवड्यांनी केर्त्तू इस्पितळात डबा घेऊन आली; स्वतःच्या तपासणीला तिने अजून होकार दिला नव्हता. सायमी उशीला टेकून बसली होती, ओइली तिच्या शेजारी. शब्द सावकाश येत होते, पण येत होते.

"काही दुखत नाही ना?" केर्त्तूने सवयीने विचारलं.

"दुखतं. डोकं दुखतं, मान दुखते, आणि इथली कॉफी पाणचट आहे." सायमीने दम घेतला. "अक्का, आईलाही दुखलं असेल. लेम्पी तर माझा हात धरून रडत होती. आपण तिला गप्प केलं, आणि वर ते दगडावर कोरलं."

केर्त्तूने डबा मांडीवर ओढला. सायमी लेकीकडे वळली.

"ओइली, मी मेले की माझ्या दगडावर लिही, 'हिने तक्रार केली.' मोठ्या अक्षरांत लिही, गावाला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे."

ओइली रडता रडता हसली. केर्त्तू मात्र डब्याच्या झाकणाशी चाळा करत बसली. सत्तरी उलटलेली ती बाई, दोन मृत्यूंनंतरही कधी न वाकलेली. मग तिने मान वर केली.

"ओइली, वर्षभर माझंही डोकं दुखतंय गं," ती म्हणाली. "कुणाला सांगितलं नाही."