धनेशाचा उत्तररंग

चैत्राची सकाळ. सोनकोवळी, सुमनगंधी, सावकाश उतरणारी. ऊन आधी देवराईच्या माथ्यावर टेकले, मग पाझरत पाझरत वाघजाईच्या देवळाच्या कौलांवर आले, आणि सभामंडपात मांडलेल्या टीव्हीच्या काळ्या काचेत लख्ख उभे राहिले.

काचेसमोर अनाजी धुळप बसले होते. गुडघे गेलेले, नजर जागी. चाळीस वर्षे त्यांनी ही देवराई राखली. गेल्या तीन वर्षांत मात्र देवळामागचा चढ पायांनी नाकारला होता.

त्या चढावर बेहडा होता. उंच, वृद्ध, पोटात पोकळ. त्या पोकळीत धनेशाची मादी स्वतःला चिखलाने लिंपून घेते, एवढीशी फट ठेवते, आणि नर तिथून तिला भरवतो, असे अनाजी सांगत. गावाला ते कधी दिसले नाही. पोकळ झाड पावसाळ्यात देवळावर कोसळेल, या धास्तीने ते तोडायचे ठरले होते. करवतवाले उद्या येणार होते.

"काका, दहादा गेलो बघायला," सरपंच मनोहर म्हणाला. "पक्षी सोडा, पीस नाही दिसलं."

"आज टीव्हीत दिसेल."

"दिसलं तर करवत परत पाठवतो."

"नाही दिसलं तर हे दोन दिवस जेवायचे नाहीत," अनाजींच्या पत्नी यशोदाकाकू म्हणाल्या, "आणि बोलणी मी खायची."

फाल्गुनात टीव्हीची माणसे पानांच्या आडोशाला चार दिवस मुकी बसून गेली होती. त्यांना काय गवसले, अनाजींना ठाऊक नव्हते.

काच उजळली. राज्याची राने पूर्वरंगासारखी उलगडू लागली. ताडोबाचा वाघ आला, पीतवर्ण, पट्टेदार, पाण्यात निवांत बसलेला. बायांनी हात जोडले. नांदूरमध्यमेश्वराचे आभाळ आले, पंखांनी पांढरे झालेले. मेळघाटचे गवे आले, धुक्यातून धुक्यासारखे. तालुका न ओलांडलेली माणसे घोंगडीवर बसल्या बसल्या रान रान हिंडली.

मग जाहिराती लागल्या. पूर्वरंग संपला की कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालायचा. त्या सवयीने काकू उठल्या. बुवा कुठले? त्यांनी नवऱ्यालाच बुक्का लावला, मोगऱ्याचा हार घातला.

"अगं, अजून काही झालं नाही."

"होईल. उत्तररंग तुमचाच."

आणि बेहडा आला. लिंपलेली ढोली, फटीत पिवळी चोच. मग तो आला, कृष्णपंखी, सुवर्णचंचू, झाडाचा राजा. फटीतून एकेक उंबर भरवू लागला. एक, आणखी एक, आणखी एक.

अचानक काचेतून घंटा ऐकू आली. नर भुर्रकन उडाला.

घंटा ह्याच देवळातली. देवराईत शिरण्याआधी देवीला वर्दी म्हणून प्रत्येकाने जिला टोला द्यायचा, ती. मनोहरने दहाही वेळा दिला होता.

"म्हणजे आम्हीच हाकलत होतो त्याला."

"राखणदाराला वर्दीची चाल नाही," अनाजी हळूच म्हणाले. "मी टोला दिलाच नाही कधी. म्हणून मलाही उमगलं नाही."

"करवत परत जाईल, काका. झाडाला टेकू लावू."

अनाजी खांबाला धरून उभे राहिले. गळ्यातला हार काढला, घंटेच्या लोलकाला गुंडाळला, अलगद, जसे बाळाला लपेटावे. मनोहरने टीव्ही बंद केला. मोगरा तेवढा दरवळत राहिला.

आणि कौलांवरून, उन्हावरून, पखवाजावर पहिली थाप पडावी तसे पंख घुमले. घुमत घुमत बेहड्याकडे गेले, आणि शांत झाले.