गिळलेली टाचणी

थोरलीला पक्की खात्री होती, आपण टाचणी गिळलीय.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत दोघी बहिणी तीस वर्षं कपडे शिवत होत्या, आणि तीस वर्षं थोरली ओठांत टाचण्या धरून गिऱ्हाइकांशी भांडत होती. एकही कधी आत गेली नव्हती. आणि आता, शनिवारी विमान, लेकीचे दिवस भरत आलेले, तर मंगळवारी जेवताना छातीच्या मधोमध असं काही टोचलं की घास तिथेच अडला. पाणी प्यायली तरी टोचे. थुंकी गिळली तरी टोचे.

ती कुणाला बोलली नाही. बोललं की दवाखाना, दवाखाना म्हटलं की कापाकापी, आणि विमान उडणार तिला टाकून. लेक परमुलखात, जावई दिवसभर खाणीवर. पोरीजवळ आईने नाही राहायचं तर कुणी? टाचणीच काय, सुरी गिळली असती तरी जायचं, असं तिने ठरवून टाकलं.

तशी तयारी चोख होती. लेकीच्या गावी मलेरिया फार, म्हणून प्रवासाची औषधं देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे ती आधीच जाऊन आली होती. बाईंनी तीन औषधं सांगितली. एक आठवड्यातून एकदाच घ्यायचं, पण त्याने भलतीसलती स्वप्नं पडतात, मन खचतं. नवरा गेल्यावर आपण दोन वर्षं मनाच्या गोळ्या खाल्ल्यात, हे थोरलीने खालच्या आवाजात सांगितलं, तसं बाईंनी ते नाव खोडूनच टाकलं. दुसरी रोजची गोळी, त्रास कमी पण महाग. तिसरी रोजची कॅप्सूल, स्वस्त, फक्त उन्हाला जपायचं. थोरली म्हणाली, नातवंड सोडून मी उन्हात कशाला मरायला जाते, तिसरीच द्या. बाई पुढेही बरंच सांगत होत्या, पण थोरलीचे डोळे त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खांद्याशी उसवलेल्या मुंढ्यावर खिळले होते. कान कसले जागेवर राहतात!

कॅप्सूल निघायच्या दोन दिवस आधी सुरू करायची होती. हिने आठ दिवस आधीच केली. कुठलाही कपडा आधी कच्च्या टाक्यांवर अंगाला लावून बघायचा, मग पक्की शिलाई, हा तिचा धर्म.

बुधवारी दुपारी धाकटीने मशीन थांबवलं. धाकटीच्या जिभेला हाड नव्हतं, पण डोळा घारीचा.

"ताई, आज टाचण्या तोंडात का नाहीत गं?"

"नको वाटल्या."

"तीस वर्षांत आजच नको वाटल्या? चहा पण तसाच पडलाय. खरं सांग, नाहीतर लावते लेकीला फोन."

थोरलीने आधी तिला शिव्या घातल्या, मग कात्री आपटली, मग एकदम रडायलाच लागली. धाकटीने खोलीला कुलूप घातलं आणि दंडाला धरून तिला दवाखान्यात नेलं. रस्ताभर तिचा पट्टा सुरू होता: घरात टाचण्यांना डबी आहे, गादी आहे, आणि हिला मेलीला जागा सापडली ती तोंडाची.

एक्स-रे निघाला. त्याच डॉक्टरीणबाईंनी तो उजेडात धरला आणि म्हणाल्या, टाचणी नाही. थोरली म्हणाली नीट बघा, लोखंडाची आहे. लोखंडाची असती तर सगळ्यात आधी तीच दिसली असती, असं म्हणून बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"कॅप्सूल कशी घेता तुम्ही?"

आता थोरलीला सगळं सांगावंच लागलं. संडास तळमजल्यावर. पाणी प्यायलं की दोन जिने उतरा, दोन जिने चढा. म्हणून दुपारचं जेवण झालं की ती कॅप्सूल थुंकीबरोबर गिळायची आणि कंबर मोकळी करायला कापायच्या टेबलावर आडवी व्हायची.

"पेलाभर पाणी आणि नंतर अर्धा तास तरी ताठ बसायचं, हे मी दोनदा सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "कॅप्सूल अन्ननळीत चिकटली आणि तिथे आत भाजलंय. ती जखम टोचतेय तुम्हाला."

"मग शनिवार?"

"जा की. थोड्या दिवसांत भरून येईल."

थोरलीने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद उडाला. बाईंनी कॅप्सूल बंद केली, जळजळीचं औषध दिलं, आणि काही दिवस थंड, मऊ खा म्हणाल्या. पाणीसुद्धा उतरेनासं झालं तर लगेच यायचं. मलेरियासाठी आता ती महागडी रोजची गोळी: शुक्रवारपासून, जेवणाबरोबर, परत आल्यावरही सात दिवस. या वेळी बाईंनी सगळं धाकटीकडून परत म्हणून घेतलं.

बाहेर पायरीवर थोरली थंड दूध घोट घोट घेत बसली. जळत होतं, पण उतरत होतं. धाकटी नव्या गोळीचा कागद वाचत होती.

"पोट दुखेल, डोकं दुखेल. मळमळेल म्हणे."

"मळमळू दे," थोरली म्हणाली. "पोरीला नऊ महिने मळमळलंय. मला चार दिवस मळमळलं तर काय मरत नाही मी."

धाकटी हसली. थोरलीलाही हसू फुटलं, छातीत कळ आली, तरी ती हसतच राहिली.