पेटरची तिथी

१९६६ साली आम्ही पिंपरीला औषधांच्या कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. माझे यजमान, अनंतराव, तिथे केमिस्ट होते. शेजारच्या क्वार्टरमध्ये एडितबाई एकट्या राहायच्या. मूळच्या हंगेरीच्या, जातीनं ज्यू. त्यांचा भाऊ महायुद्धाच्या आधीच पळून पुण्यात आला होता आणि डॉक्टरकी करत होता. युद्ध संपल्यावर त्यानं बहिणीला बोलावून घेतलं. भाऊ वारला, तशा बाई आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत जंतू तपासण्याच्या कामाला लागल्या. मराठी शिकल्या होत्या, फक्त ‘तो’ आणि ‘ती’ त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही.

हिटलरच्या छळछावणीतून त्या जिवंत सुटल्या आहेत, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या डाव्या हातावर निळा आकडा होता. सासूबाईंना पहिल्यांदा ते गोंदण वाटलं आणि त्यांनी कुणाचं नाव गोंदवलंय म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, नाव नाही. त्यापुढे कुणी काही विचारलं नाही.

माझी चित्रा तेव्हा तीन वर्षांची होती. लेकराला बघितलं की बाई अंग चोरायच्या. एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिला सहज त्यांच्या मांडीवर द्यायला गेले, तर त्या चटकन उठून निघूनच गेल्या. मला राग आला होता.

त्याच वर्षी पावसाळ्यात चित्राला ताप भरला. घसा दुखतो म्हणाली, मग पाणीही गिळेना. आवाज घोगरा झाला. वसाहतीतल्या कंपाउंडरनं पडसं म्हणून औषध दिलं. दुसऱ्या दिवशी ती श्वास घेताना घरघर ऐकू यायला लागली आणि ती भिंतीपलीकडे एडितबाईंनाही ऐकू गेली असावी. त्या न बोलावता आल्या. चमच्यानं जीभ दाबून त्यांनी घशात पाहिलं. आत राखाडी पापुद्रा धरला होता. यांना त्या एवढंच म्हणाल्या, “घटसर्प. गाडी आणा. आत्ता.”

कारखान्याच्या जीपमधून आम्ही पुण्याला साथीच्या रोगांच्या दवाखान्यात गेलो. चित्रा माझ्या खांद्यावर, मान मागे टाकून. एडितबाई समोर बसलेल्या, खिडकीबाहेर बघत. बोपोडीचं फाटक बंद होतं आणि मालगाडी संपता संपत नव्हती. यांनी घड्याळाकडे दहादा पाहिलं. बाईंनी डोळे मिटून घेतले होते. डब्यांचा खडखडाट थांबेपर्यंत त्यांनी ते उघडले नाहीत.

दवाखान्याचा नियम असा होता, की घटसर्पाच्या वॉर्डात पेशंटबरोबर कुणी जायचं नाही. दाराशी एक आया आली, तोंडाला फडकं बांधलेली. चांगली बाई होती. “द्या ताई, आमी हाय न्हवं,” म्हणून तिनं हात पुढे केले. मी चित्राला खांद्यावरून काढलं. तेवढ्यात एडितबाईंनी माझं मनगट धरलं. हाडापर्यंत बोटं रुतली.

“देऊ नको,” त्या म्हणाल्या. “पद्मा, देऊ नको तिला.”

हे चकित झाले. डॉक्टर आले, तरुण होते, किती दिवस झोपले नव्हते कोण जाणे. त्यांनी समजावलं, की आई आत राहिली तर तिलाही लागण होईल, आणि इथे उभं राहून वेळ घालवण्यात मुलीचं नुकसान आहे. बाई त्यांच्या आणि माझ्या मध्ये उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, “मला माहीत आहे रोग. माझा काम तोच आहे. तिला लागेल कदाचित, मरेल कदाचित. तिला विचारा. मूल तिचा आहे.”

डॉक्टरांनी मला विचारलं. मी म्हटलं, मी आत जाणार. त्यांनी वाद घातला नाही. मला वाटतं, तेवढी ताकदच त्यांच्यात नव्हती.

मी आत राहिले. इंजेक्शनं दिली, पापुद्रा सुटायला लागला. चित्रा मांडीवर पडून माझ्या मंगळसूत्राशी खेळायला लागली. एका सकाळी तिनं गूळ-पोळी मागितली. मी खिडकीतून यांना खूण केली. हे धावतच कुठूनशी पोळी घेऊन आले. एडितबाई रजा काढून आवारातल्या झाडाखाली बसून असायच्या. त्यांना मी हसून हात केला. त्या हसल्या नाहीत. या रोगाचं विष मागाहून हृदयावर उतरतं, हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं. दुपारी चित्रा कुशीवर वळली, “आई, पाय गार झाले,” म्हणाली. मी पाय पदरात घेतले. चोळत राहिले. पाय गारच होते. डॉक्टर आले तोवर ती गेली होती.

घरी आल्यावर मी जेवण टाकलं. हट्ट नव्हता, घास आत जाईना. पाण्याचा तेवढा घोट घ्यायचे. सासूबाई रडून रडून थकल्या. हे कामावर जायचे, परत येऊन अंधारात बसायचे. मला वाटायचं, असंच पडून राहिलं तर आपोआप संपेल, आणि त्या विचारानं बरं वाटायचं.

एका दुपारी एडितबाई आल्या आणि माझ्या अंथरुणाशी जमिनीवर बसल्या. मी विचारलं, “त्या दिवशी माझा हात का धरलात? वाचली तर नाहीच ती.”

त्या सांगायला लागल्या. आवाज अगदी सपाट होता, बाजारात काय मिळालं ते सांगावं तसा.

त्यांना एक मुलगा होता, पेटर, चार वर्षांचा. नवऱ्याला सैन्याच्या बेगारीला नेलं, तो परत आलाच नाही. १९४४ च्या उन्हाळ्यात गावातल्या सगळ्या ज्यूंना गुरांच्या डब्यांत कोंबून नेलं. बाई, त्यांची आई आणि पेटर. पाणी नाही, बसायला जागा नाही. कोपऱ्यात एक म्हातारा मेला, तो तसाच उभा राहिला, पडायलाही जागा नव्हती. ऑशविट्झला दार उघडलं, तेव्हा कुत्री आणि आरडाओरडा. डबे रिकामे करायला पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घातलेले कैदी चढले. त्यातल्या एकानं बाईंकडे न बघता, ओठही फारसे न हलवता म्हटलं, मूल म्हातारीकडे दे.

“का, ते तो सांगितलं नाही. मला वाटलं, म्हातारी आणि मुलं यांना बसायला गाडी असेल. पेटर थकला होता. मी दिला. तो रडला नाही. माझ्या आईचा बोट धरला. पुढे एक अधिकारी उभा होता. त्यांना एका बाजूला पाठवलं, मला दुसऱ्या.”

जिच्या कडेवर मूल, तिला मुलाबरोबर मारायचे. तो कैदी रोज ते बघत होता. मूल तर मरणारच होतं. तेवढी आई तरी वाचेल, म्हणून तो तसं सांगत होता. बाईंना हे बराकीत इतर बायकांनी सांगितलं, मुलाला कधी भेटवतील असं त्यांनी विचारल्यावर.

“त्या माणसाने माझा जीव वाचवला,” त्या म्हणाल्या. “मी त्याला रोज शिव्या देते. पेटर अंधारात कुणाला हाक मारला असेल? मला नाही माहीत. चित्रा तुला हाक मारला. तू होतीस. म्हणून हात धरला. वाचवायला नाही.”

मी तोंडावर पदर घेतला. त्या थांबल्या नाहीत.

“त्या संध्याकाळी सूप दिला. पाणी आणि सालं. मला सगळं कळलं होतं, आणि मी तो प्याले. भांडं चाटलं. बावीस वर्षं झाली, कुणाला सांगितलं नाही.”

जेव म्हणून त्या मला एका शब्दानं म्हणाल्या नाहीत. उठून गेल्या. संध्याकाळी सासूबाईंनी भात कालवून आणला, तो मी खाल्ला. रडत खाल्ला, ओकले, पुन्हा खाल्ला.

भाद्रपदात सर्वपित्री अमावास्या आली. ज्यांची तिथी ठाऊक नसते, त्यांचंही त्या दिवशी करतात. मी सासूबाईंना विचारलं, पेटरच्या नावानं पान वाढू का? परक्या धर्माचं पोर म्हणून त्या नको म्हणतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “वाढ. त्याच्या आजीचंही वाढ.” मग मी एडितबाईंना विचारायला गेले.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. अमावास्या म्हणजे काय, पान कुणासाठी, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, “नको, पद्मा. मी त्याला मेलेला पाहिला नाही. आईचा बोट धरून जाताना पाहिला. पान वाढला, तर तो मेला असं मीच म्हटलं, असं होईल.”

पुढच्या वर्षी यांची बदली झाली आणि आम्ही पिंपरी सोडली. १९७४ मध्ये एडितबाई पुण्यात वारल्या, ते आम्हाला दोन महिन्यांनी कळलं. त्यांची तिथी मी पाळते. पेटरचं पान मात्र आमच्या घरात अजून कुणी वाढलेलं नाही.