आईंच्या खोलीपर्यंत

"दार उघडा. आत या. दार हळू लावा, नेहमीसारखं आपटू नका," ती माइकमध्ये म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. "एवढं नको हो. घरातून चालतोय अशी कल्पना करा, इतकंच सांगा. एकेक खोली. मेंदू तपासायच्या मशीनमध्ये तुमच्या मिस्टरांना हेच ऐकवणार आहोत."

"बरं. स्वयंपाकघरात जा. तिथून आपल्या खोलीत. आता आईंच्या खोलीत जा, त्यांच्याजवळ जरा बसा."

कोपऱ्यात उभी असलेली नणंद चमकून तिच्याकडे बघतच राहिली.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. हिवाळ्यात लिफ्टच्या खड्ड्यात पडला, डोक्याला जबर मार बसला आणि तेव्हापासून इस्पितळात उघड्या डोळ्यांनी पडून होता. डोळे फिरायचे, पण कुणावर थांबायचे नाहीत. चष्म्याच्या दुकानातलं काम आटपून ती रोज संध्याकाळी यायची, आणि एकदा स्टूल ओढून बसली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. आज एका गिऱ्हाइकानं चष्मा हरवला म्हणून कसं दुकान डोक्यावर घेतलं आणि तो त्याच्याच कपाळावर कसा निघाला, हे ती अगदी हातवारे करून सांगे. नर्स तिला रेडिओ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि खरं तर आवडतही होतं. बोलणं थांबलं की भीती वाटायची, त्यापेक्षा हे बरं.

रोजच्या बातम्यांत एक वाक्य मात्र ठरलेलं असे: "आई बऱ्या आहेत." सासूबाईंना जाऊन दोन महिने होऊन गेले होते.

बाहेर आल्याबरोबर नणंदेनं तिचा दंड धरला. "वहिनी, आईच्या खोलीत कशाला पाठवलंस त्याला?"

"निघून गेलं तोंडातून. त्यांना भेटल्याशिवाय हे कधी झोपलेत का?"

"जाऊ दे. दादाला कुठे काय कळतंय."

"कळत नाही ना? मग आई गेल्याचं त्यांना सांगायचं नाही, अशी शपथ का घातलीस मला?"

नणंदेनं तिचा दंड सोडला. ती दर रविवारी येई, चादरी नीट करी, नर्सना सतरा प्रश्न विचारी. भावाशी मात्र एक शब्द बोलत नसे. भिंतीशी काय बोलायचं, असं तिला वाटे. आणि असं वाटतं याची तिची तिलाच लाज वाटे.

पुढच्या रविवारी डॉक्टरीणबाईंनी दोघींना बोलावून घेतलं. "मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी बोलत राहतात, तेव्हा माणूस भानावर असतो. यांच्या मेंदूतलं हे बोलणं फार तुटलंय. पण सगळं नाही. तुम्ही चालायला सांगितलंत की ठरावीक भाग एकदम कामाला लागतात, थांबा म्हटलं की थांबतात. आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं. उद्या उठून बसतील असं मी म्हणत नाही. कदाचित कधीच बसणार नाहीत. पण ते ऐकतायत, समजतंय त्यांना, असंच धरून वागा."

नणंद रडता रडता हसायला लागली. वहिनीलाही इतका आनंद झाला, की खुर्चीचा हात धरावा लागला. आणि मग तिच्या लक्षात आलं. म्हणजे ते गेले होते. सांगितलं तसे स्वयंपाकघरातून, आपल्या खोलीतून, आईंजवळ जाऊन बसले होते.

"मी आत्ता सांगणार त्यांना," ती उठत म्हणाली.

"वहिनी, आज नको गं. आजच तर कळलंय."

"आजच कळलंय म्हणूनच. ऐकणाऱ्या माणसाला मी रोज थापा मारत आलेय. आता नाही जमायचं."

ती स्टुलावर बसली. पहिल्यांदाच तिला शब्द सुचेना.

"अहो," ती म्हणाली, "आई गेल्या. दोन महिने झाले. मी खोटं सांगत होते तुम्हाला. चुकलंच माझं."

त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. श्वास तसाच चालू होता. आणखी काहीतरी सांगायला हवं होतं, पण शेवटच्या वेळी आईंपाशी ती नव्हती. दुकानात होती.

मागून नणंद पुढे आली. तिनं भावाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"दादा," ती म्हणाली. "मी होते रे तिच्याजवळ."

स्टुलावरून उठून तिनं नणंदेला तिथे बसवलं, आणि पडदा ओढून ती बाहेर उभी राहिली.