थांब म्हणणारं बोट

जेवताना फोन वाजला की माझा नवरा, रॅन्डल, माझ्याकडे बघतसुद्धा नाही. नुसतं उजव्या हाताचं एक बोट वर करतो. म्हणजे थांब. मी काहीतरी सांगत असते, काटा माझ्या हातात तसाच, आणि ते बोट वर जातं. पलीकडे त्याचे साहेब, ओस्टरमन. "रॅन्डल, दोनच मिनिटं हं," असं म्हणून सुरू करतात आणि बटाटे थंडगार होईपर्यंत सोडत नाहीत. विम्याचं ऑफिस आहे ते. गारांनी कोणाचं छप्पर फुटलं, कोणाचा ट्रक हरणावर आपटला, असले दावे. पण आमच्या घरात आव असा, की या दोघांनी एक दिवस लक्ष दिलं नाही तर सगळं हेलेना गाव दरीत कोसळेल.

हा माणूस असा नव्हता हो. आमचं लग्नच मुळी एल्कच्या, म्हणजे इथल्या थोराड सांबरांच्या, मागे डोंगर तुडवताना जमलं. माझे वडील शिकाऱ्यांना डोंगरात घेऊन जायचे, आणि हा त्यांच्याबरोबर आलेला एक लुकडा पोरगा. दिवसभर झाडाखाली बसून पानं वाजताना ऐकायचा. मी मादीचा आवाज काढला की एल्कच्या आधी हाच मान वळवायचा. मग बढत्या झाल्या, आणि तो ऐकायचाच बंद झाला.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात टिनकप ओढ्याच्या खोऱ्यात धनुष्याने एल्क मारायचा परवाना सोडतीत त्याच्या नावावर निघाला, तेव्हा मी स्वयंपाकघरात अक्षरशः नाचले. वर्षानुवर्षं अर्ज करतात लोक, म्हातारे होतात, तरी निघत नाही. एल्क मिळो न मिळो, मला माझा नवरा परत हवा होता. तो डोंगरावर कुठेतरी सांडलाय आणि तिथेच सापडेल, असं मला मनापासून वाटत होतं.

ओस्टरमन साहेबांनी सुट्टी दिली, पण चेहरा असा केला जणू स्वतःची किडनी काढून देतायत. "जा बाबा तू. मी आहे ना मरायला. मला तर त्या आठवड्यात स्पोकेनला मीटिंगा आहेत. आम्हाला कुठली आली सुट्टी!" रॅन्डलला इतकं अपराधी वाटलं, की त्या दिवशी तो घरी येऊन माझ्यावरच खेकसला.

मग त्याला फोनवर एक दाढीवाला सापडला. ऑफिसच्या माणसाने शिकारीचं मन कसं तयार करावं, हे शिकवणारा. फी घेऊन. हा दाढीवाला म्हणायचा, शिकार धनुष्याने होत नाही, मनाने होते. मी म्हटलं, "मग ते गॅरेजमधलं महागडं धनुष्य विकून टाकू या, तू आपला मन घेऊन जा." रॅन्डल हसला नाही. तो गॅरेजमध्ये डोळे मिटून उभा राहायचा, नाकातून श्वास घ्यायचा, तोंडातून सोडायचा. शेजारच्या आयरीन आजी मला कुंपणावरून विचारायला लागल्या, "काय गं, दमा झालाय का त्याला?"

कळस म्हणजे तो डबा. दाढीवाल्याचा आदेश असा, की ऑफिसची एकेक काळजी रिकाम्या डब्यात तोंडाने बोलायची, झाकण घट्ट लावायचं, आणि डबा पायवाटेच्या तोंडाशी गाडीत ठेवून रिकाम्या मनाने वर चढायचं. शिकारीच्या दिवशी पहाटे आमच्या कॉफीच्या डब्यात तोंड घालून हा माणूस पायथ्याच्या पार्किंगमध्ये बसला. तिकडे उजाडलं, पाखरं ओरडायला लागली, आणि याचं डब्यात चालूच. "ग्रेट फॉल्सची शाखा... गारांचे दावे... ओस्टरमन साहेब नाराज आहेत का..."

"अरे, डबा भरला असेल आता," मी म्हटलं. "दुसरा आणू का?"

त्याने बोट वर केलं.

शेवटी निघालो. खरं सांगते, पहिल्या चढावर मला आशा वाटायला लागली होती. फोन खाली गाडीत होता. थंडी मस्त होती, तोंडाला हिरवाकाळा रंग फासलेला, आणि रॅन्डल पाय कसा हलका टाकत होता! एका ठिकाणी तो थांबला आणि मला खुणेने एल्कचं ताजं शेण दाखवलं. शेण बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी त्याने मला काहीतरी दाखवलं होतं.

चिखलाच्या एका मोठ्या डबक्याजवळ आम्ही बसलो. एल्कचे नर माजावर आले की तिथे लोळायला येतात. रीत अशी, की मी मागे राहून टाळूला रबराची चकती लावून मादीचा आवाज काढायचा, आणि नर मला शोधत आला की पुढे बसलेल्या रॅन्डलने बाण सोडायचा. पण दाढीवाल्याने सांगितलं होतं, की स्वतःचा आवाज शोधा. त्यामुळे रॅन्डलने दुकानातून एक लांबलचक नळी आणली होती आणि त्यातून तो नराची हाळी द्यायचा.

त्याने हाळी दिली. समोरच्या झाडीतून लगेच उत्तर आलं.

रॅन्डलने माझ्याकडे बघितलं, आणि देवाशपथ सांगते, तोच लुकडा पोरगा होता तो. डोळे चमकत होते. मी मादीचा आवाज लावला, त्याने पुन्हा हाळी दिली, पुन्हा उत्तर आलं. जवळून. मग त्याची हाळी, तिकडची हाळी, असं बराच वेळ चाललं. तिकडे झाडावर शिंगं घासल्याचा आवाजही यायला लागला.

पण मला काहीतरी खटकत होतं. खऱ्या नराचा आवाज कधी फाटतो, कधी तो मध्येच रुसून गप्प बसतो. हा पठ्ठ्या दर वेळी अगदी पाठ केल्यासारखा ओरडत होता. मी सरपटत रॅन्डलच्या मागे गेले आणि कानात म्हटलं, "हे जनावर नाही. माणूस आहे. दुकानातली नळी आहे त्याच्याकडे, तुझ्या नळीची जुळी बहीण."

"मार्लीस," तो पुटपुटला, "नकारात्मक विचार नकोत. मी आत्ता पूर्णपणे इथे आहे."

समोर एक कोवळं झाड गदागदा हललं. मागे काहीतरी तपकिरी दिसलं. रॅन्डलने दोरी ओढली, थेट कानापर्यंत.

माझे वडील सांगायचे, आधी शिंगं बघ, मग छाती बघ, मग चारी पाय बघ, आणि मगच दोरीला हात लाव. याला पाठ होतं ते. पण मन असं काही तयार झालं होतं, की बघायची गरजच उरली नव्हती. मला पाय दिसले. दोनच. आणि त्यांत बूट.

"थांब!" मी एवढ्या जोरात ओरडले की चकती तोंडातून उडाली. "माणूस आहे, रॅन्डल! माणूस!"

झाडामागून कोणीतरी दोन्ही हात वर करून उभं राहिलं. एका हातात झाडावर घासायची फांदी, गळ्यात नळी, तोंडाला रंग. आणि ते भूत किंचाळलं, "दोन मिनिटं! अरे, दोनच मिनिटं!"

रॅन्डलने दोरी सैल सोडली. त्याचे खांदे पडले, मान खाली गेली.

"साहेब?"

ओस्टरमनच होते. टिनकपचा परवाना त्यांच्याही नावावर निघाला होता आणि त्यांनी ऑफिसात कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. माझ्या नवऱ्याच्या हातून आत्ता माणूस मेला असता, आणि हे दोघं एकमेकांची माफी मागत होते.

"स्पोकेनची मीटिंग लवकर आटपली वाटतं," मी म्हटलं.

"हॅ हॅ," साहेब म्हणाले. "वहिनी फार विनोदी आहेत बुवा. रॅन्डल, तू मला पाहिलं नाहीस, काय? मी तुला पाहिलं नाही."

"नाही, नाही, साहेब. पण हाळी काय सुंदर दिलीत तुम्ही!"

"तुझीही छान होती हो. जरा घाई करतोस." साहेब एका आडव्या खोडावर टेकले आणि त्यांनी शेजारी थाप मारली. "बस. आता भेटलोच आहोत तर दोनच मिनिटं. तो ग्रेट फॉल्सचा विषय..."

आणि बसला! धनुष्य मांडीवर, बाण दोरीवर तसाच, आणि हा बसला. मी झाडाला टेकून बघत राहिले. गाडीत डबा होता, झाकण घट्ट लावलेलं. पण त्यातली सगळ्यात मोठी काळजी स्वतःच्या पायांनी डोंगर चढून आली होती, त्याला डबा तरी काय करणार?

इतक्यात तो आला. खरा. गोंगाट ऐकून, एक शब्दही न बोलता, डबक्याच्या पलीकडच्या कडेला येऊन उभा राहिला. मानेवर काळी आयाळ, चिखलाने माखलेलं पोट, आणि शिंगं अशी की माझा श्वास अडकला. वारा त्याच्याकडून आमच्याकडे येत होता, त्याला वास लागला नव्हता. पूर्ण आडवा उभा, अख्खी कूस बाणासमोर. असा उभा राहिलेला एल्क माझ्या वडिलांना उभ्या जन्मात दोनदा भेटला. साहेबांची पाठ तिकडे होती. रॅन्डलचं तोंड तिकडे होतं.

त्याने पाहिलं. मी शपथेवर सांगते, त्याने पाहिलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, उठ रे. बाण सोडू नकोस हवं तर, पण उठ. त्याच्याकडे बघ, मग माझ्याकडे बघ.

"आणि खरं सांगायचं तर," साहेब म्हणाले, "डेप्युटीच्या जागेसाठी माझ्या डोक्यात तुझंच नाव आहे."

रॅन्डलने एल्ककडे बघत उजव्या हाताचं बोट वर केलं.

थांब.

आणि मान साहेबांकडे वळवली.

एल्क काही आमच्या घरातला नव्हता. त्याने त्या बोटाकडे क्षणभर पाहिलं आणि आला तसा गुपचूप निघून गेला. बाईमाणूस म्हणून माझा अपमान रोज होतो, पण जनावराचा झालेला मला सहन झाला नाही. मी माझी पिशवी उचलली आणि खाली चालायला लागले. अर्ध्या वाटेवर मोठ्याने रडून घेतलं. ऐकायला कोणी नव्हतं.

रॅन्डल बऱ्याच वेळाने गाडीपाशी आला, चेहरा खुललेला. "मार्लीस, दाढीवाला म्हणतो ते खरं आहे. डोंगरावर आलं की सगळ्याचा गुंता सुटतो. मन कसं हलकं झालंय!" मी डब्याचं झाकण उघडलं, डबा त्याच्या मांडीवर ठेवला आणि गाडी चालू केली. घरी येईपर्यंत त्याने एल्कचं नावही काढलं नाही. मीही काढलं नाही.

यंदा सोडतीत मीही अर्ज टाकला होता, आणि परवाना माझ्या नावावर निघाला. रॅन्डल आता डेप्युटी आहे. बातमी ऐकून तो खरंच खूश झाला. म्हणाला, "मी येतो ना मागे बसून आवाज काढायला! मादीचा काढीन. विनवणीचा सूर मला बरोबर जमतो, ऑफिसात रोजचाच सराव आहे." स्वतःच्याच विनोदावर तो मनापासून हसला आणि माझ्याकडे बघत राहिला. किती दिवसांनी.

मी बाणांची पाती घासत होते. मी मान वर केली नाही, नुसतं एक बोट वर केलं.

ते अजून खाली घेतलेलं नाही.