तीस म्हणते आक्का

आकारामनं उभ्या आयुष्यात सांगितल्या भावाला कधी काही घेतलं नाही. मेथीची पेंडी असो नाहीतर लेकीच्या बारशाचा मंडप, समोरच्यानं आकडा सांगितला की ह्यानं तो पाडलाच म्हणून समजा.

कसबा बावड्यातला फ्लॅटही त्यानं असाच घेतला. घेतला म्हणजे काय, भिंती आपल्या आणि जमीन बनाबाई आक्काची. भाडेपट्ट्यावरचं घर. जेवढी वर्षं मागाल तेवढ्याचे पैसे एकदम भरायचे, मुदत संपली की वाढवून घ्यायची, नाहीतर चंबूगबाळं उचलायचं. आक्काची एक रीत होती. कागद वकिलानं करावा, पण वर्षांचा आकडा मोकळा सोडावा. ज्याच्या नावावर पट्टा, ते माणूस समोर उभं राहिलं की आक्का स्वतःच्या हातानं आकडा भरणार.

पंचवीस वर्षांपूर्वी त्यानं पट्टा बायकोच्या नावानं केला. आक्का म्हणाली होती, "ललिताच्या नावानं पन्नास घे."

"पन्नास कुणी बघितल्यात आक्का? पंचवीस लिवा!"

ललिता शेजारी उभी होती, तोंडाला पदर लावून हसली. नवऱ्यानं सौदा निम्म्यावर आणला, ह्याचं तिला केवढं कौतुक.

यंदा वैशाखात ज्या दिवशी पट्टा संपला, त्याच दिवशी भाकरी थापता थापता ललिता गेली. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत कुणाला कळलंही नाही.

दिवसकार्य उरकलं. पट्टा वाढवायला महिन्याची सवलत होती, तीही सरत आली. तेव्हा तळमजल्यावरच्या हुसेनचाचांनी आकारामला जिन्यात गाठलं.

"एक सांगू? आमचा धाकटा भाऊ उमर पंधरा वर्षं घेऊन बसलाता. पंधरा भरली त्याच तारखेला गेला. ज्याच्या नावानं पट्टा, त्येला तेवढंच."

"आणि तुमी किती घेतलीसा?"

"नव्व्याण्णव. सोळा वर्षांचा हुतो तवा," चाचा म्हणाले, आणि शहाऐंशी वर्षांचा तो म्हातारा गॅसची टाकी खांद्यावर टाकून पुतण्याकडं वर चढला. दम नाही, धाप नाही.

"म्हातारं येड्यागत बोलतंय," असं आकाराम पुटपुटला खरा, पण जिन्यातच थबकला. कारण घरी टेबलावर नवा कागद तयार होता आणि त्यावर नाव मनालीचं होतं. सव्वीस वर्षांची, बँकेत नोकरीला, एकुलती एक लेक. "माझ्याच नावावर करू आण्णा, पुढं वारसाचं लफडं नको," असं तीच म्हणाली होती.

तो तसाच वरच्या मजल्यावर आक्काकडं गेला. आक्का तांदूळ निवडत बसली होती. पंचवीस वर्षांत तिच्या तोंडावर एक सुरकुती वाढली नव्हती, हे त्याच्या आजच लक्षात आलं.

"आक्का, नव्व्याण्णव द्या."

"न्हाय देता येत. तीस देते."

"का म्हणून?"

"जमीन माझी कुठली रे? माझा बी पट्टाच हाय. त्येची तीस उरल्यात. माझ्याकडंच न्हाय, ते तुला कुठनं देऊ?"

"तुमाला कुणी दिला?"

आक्कानं एक खडा उचलून बाजूला टाकला.

"आक्का, माझी ललिता..."

"मी कुणाला मारत न्हाय. आकडा तुमीच सांगता. मी नुसती लिवते."

"मग माझं नाव लिवा," आकाराम घाईनं म्हणाला. "लेकीचं नगं. हात जोडतो, तिचं नगं."

"तुझ्या नावाचा कागद आण उद्या. आज अवस हाय, अवसंला मी लिवत न्हाय."

घरी आल्यावर त्यानं मनालीला खरं सांगितलं नाही. सांगणार तरी कुठल्या तोंडानं? आई गेल्यापास्नं बापाचं डोकं फिरलंय म्हणाली असती. ताटावर बसता बसता तो एवढंच बोलला, "तीस म्हणते आक्का."

दुसऱ्या दिवशी स्टॅम्पपेपरला शहरात गेला. तिथं रांग, मग फोटो, मग टायपिंग. स्वतःच्या नावाचा कागद छातीशी धरून परत यायला चार वाजले. मनालीनं हसतच दार उघडलं.

"आण्णा, उन्हातानाचा तुमाला हेलपाटा नको म्हणून अर्धी सुट्टी टाकली आणि टेबलावरचा कागद घेऊन मीच आक्काकडं जाऊन आले. तीस म्हणत होती म्हातारी. मी सोडतेय व्हय! दहावर आणली. दहा वर्षांत माझं स्वतःचं घर होईल की. कुणाची लेक हाय मी?"

आणि तोंडाला ओढणी लावून ती हसली. अगदी आईसारखी.

आकाराम एका दमात जिना चढला. आक्काच्या दारातच खाली बसला.

"आक्का, वाढवा. काय वाट्टेल ते घ्या. माझी सगळी तीस तिला द्या, माझ्या नावाला एक बी नगं."

आक्कानं त्याच्याकडं पाहिलं. तिला वाईट वाटलं असावं, कारण तांदळातला हात थांबला.

"सौदा झाला की, आकाराम. मी तीसच म्हणत हुते. लई घासाघीस केली पोरीनं."

खालून मनालीची हाक आली, "आण्णा, या की लवकर, चहा निवतोय!"

"आलो गं," आकाराम म्हणाला, पण त्याला उठताच येईना.